गाडीच्या प्लॅस्टिक पॅनलला घरच्या घरी स्वच्छ भोक कसं पाडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिअरच्या पुढच्या काळ्या प्लॅस्टिक पॅनलमध्ये यूएसबी चार्जिंग सॉकेट बसवायचं आहे, त्यासाठी साधारण २९ मिमीचं गोल भोक हवं. शेजारीच रॉकर स्विचसाठी (एका बाजूने दाबून चालू-बंद होणाऱ्या बटणासाठी) एक आयताकृती भोक हवं. जुन्या तुटक्या पॅनलवर तुम्ही साध्या ड्रिलने करून पाहिलंत, तेव्हा एका ठिकाणी प्लॅस्टिक वितळून बिटला चिकटलं आणि दुसऱ्या ठिकाणी बिट आरपार जाताना कडेचा टवका उडाला. आता कुणीतरी गरम सोल्डरिंग आयर्नने भोक पाडायला सुचवलंय. ते करावं का?

करू नका. आयर्नचं टोक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं आणि ट्रिमचं, म्हणजे गाडीच्या आतल्या पॅनलांचं, प्लॅस्टिक त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडतं. त्यामुळे तिथे कापलं काहीच जात नाही, वितळलेलं प्लॅस्टिक फक्त बाजूला ढकललं जातं. त्याची भोकाभोवती जाड वळी उठते, ती थंड होताना आकसते, आजूबाजूचा पृष्ठभाग ओढून घेते, आणि मग सॉकेटची कॉलर (पुढची रुंद कड) पॅनलवर कधीच नीट टेकत नाही. धुराचा प्रश्न वेगळाच. एबीएस (ट्रिमसाठी वापरलं जाणारं एक कडक प्लॅस्टिक) जळलं की स्टायरीनची वाफ निघते, आणि पॅनलवर पीव्हीसीचं आवरण असेल तर हायड्रोजन क्लोराइड, जो डोळ्यांना आणि घशाला चांगलाच झोंबतो. दिसणाऱ्या भागावर मी आयर्न कधीच लावत नाही.

तुमच्या चाचणीत जे दोन प्रकार झाले, त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. ती वेगळी करून पाहिली तर पुढचं सगळं सोपं जातं.

वितळणं हा उष्णतेचा प्रश्न आहे. लोखंडात भोक पाडताना घर्षणाची बरीचशी उष्णता धातूतून पसरून जाते. प्लॅस्टिक उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती कापाच्या कडेलाच साचते. एबीएस साधारण १०५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे बिट फार तापायचीही गरज नसते. टवका उडणं हा मात्र बिटच्या आकाराचा प्रश्न आहे. धातूसाठीच्या नेहमीच्या बिटची धार माल आत ओढून घेईल अशी तिरकी घासलेली असते. प्लॅस्टिकमध्ये ती स्क्रूसारखी आत खेचली जाते, आणि शेवटचा पातळ थर उरला की तो कापला न जाता एकदम उचकटतो. एकीकडे वेग जास्त झाला, दुसरीकडे आधार नव्हता आणि धार ओढत होती. बिट नवी असो की जुनी, या दोन गोष्टी तशाच राहिल्या तर निकालही तसाच येणार.

गाड्यांच्या आतलं वायरिंग आणि जोडसामान बसवणं हेच माझं रोजचं काम आहे. त्यात माझा एक ठाम नियम आहे: यंत्राने भोक अंतिम मापापर्यंत न्यायचंच नाही. ड्रिलने किंवा करवतीने जवळपास पोहोचायचं आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर हाताने, कानशीने काढायचा. घरी काम करणाऱ्यांची बहुतेक भोकं बिघडतात ती नेमकी या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये, कारण तेवढ्यासाठी यंत्र पुन्हा सुरू केलं जातं.

आता काही गोष्टी तुमच्या पॅनलवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. त्या तुम्हीच तपासा.

पॅनल कशाचं आहे ते आधी बघा. ते काढून उलटं केलंत की मागे कुठेतरी दोन टोकदार कंसांमध्ये अक्षरं ओतलेली दिसतील. एबीएस, पीसी (पॉलिकार्बोनेट) अधिक एबीएस किंवा पीपी (पॉलिप्रोपिलीन), असं काहीतरी. पीपीपुढे टीडी आणि २० असेल तर त्यात २० टक्के टाल्कची पूड भरलेली आहे. एबीएस कापायला सरळ आहे: कड कोरडी निघते, कानस चांगली चालते, पण टोकदार कोपऱ्यातून त्याला तडा जातो आणि थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागलं की ते खराब होतं. पीसी मिसळलेलं एबीएस जास्त चिवट असतं आणि थोडी जास्त उष्णता सोसतं. पीपी मेणचट असतं. ते सहसा तडकत नाही, पण कड कधीच पूर्ण कोरडी निघत नाही, कानशीने तिला लव सुटते. तिथे कानशीपेक्षा नवं ब्लेड जास्त काम करतं. चकचकीत काळा भाग कधीकधी अ‍ॅक्रिलिकचा असतो, आणि तो या सगळ्यांत ठिसूळ.

अक्षरं सापडली नाहीत तर मागच्या बाजूची एखादी न दिसणारी कड ब्लेडने सोलून बघा. पीपीचा कीस मऊ, वाकडा आणि मेणासारखा निघतो, एबीएसचा कडक आणि कुरकुरीत. पाण्यात तुकडा टाकून बघा, तरंगला तर पीपी, असं बरेच जण सांगतात. साध्या पीपीला ते लागू पडतं. पण टाल्क भरलेलं पीपी पाण्यापेक्षा किंचित जड होतं आणि एबीएससारखंच बुडतं, म्हणून ट्रिमच्या बाबतीत त्या चाचणीवर मी विसंबत नाही.

पृष्ठभागही महत्त्वाचा. चकचकीत पॅनलवर ओरखडा लगेच दिसतो, पण तो पॉलिशने बराचसा काढता येतो. दाणेदार पॅनलवर उलट असतं. ड्रिल निसटून एक रेघ उमटली तर ती घासून जात नाही. घासलं की दाणे जाऊन तिथे गुळगुळीत चट्टा दिसतो आणि तो रेघेपेक्षा वाईट. म्हणून दाणेदार पॅनलवर टेप भोकापुरता न लावता आजूबाजूला चांगला हातभर पसरून लावा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, पॅनल गाडीतून काढूनच काम करा. गाडीत बसवलेल्या पॅनलवर मी ड्रिल लावत नाही, तुम्हीही लावू नका. मागे वायरींचे जुडगे, वातानुकूलनाच्या नळ्या आणि एअरबॅगचं जोडकाम असू शकतं. पिवळ्या रंगाचे कनेक्टर आणि पिवळं आवरण असलेल्या वायरी दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही. तुमचा पॅनल गिअरपुढचा आहे, त्यामुळे तो बहुतेक सुरक्षित भाग आहे. पण हे वाचून उद्या कुणी खिडकीशेजारच्या खांबाच्या कव्हरला किंवा डॅशबोर्डच्या प्रवाशासमोरच्या भागाला भोक पाडायला जाईल, म्हणून स्पष्ट लिहिते: ज्या कव्हरमागून एअरबॅग बाहेर येते ते कव्हर ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने फाटावं किंवा उघडावं असंच बनवलेलं असतं. तिथे भोक, स्क्रू, जास्तीचा डिंक, काहीच चालत नाही. पॅनल काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. थंडीत क्लिपा आणि पॅनल दोन्ही ठिसूळ होतात, म्हणून गाडी गार पडलेली असेल तर आधी आतून गरम होऊ द्या. उचकटायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरा, स्क्रूड्रायव्हर नको.

पॅनल हातात आला की भोकाची जागा आधी मागून ठरवायची, पुढून नाही. पुढून सगळी जागा मोकळी दिसते. मागे मात्र मजबुतीसाठी उभ्या पट्ट्या असतात, क्लिपांची खुंटं असतात, कुठे वळण असतं. सॉकेट मागून नटने आवळलं जातं, तेव्हा भोक बसतंय एवढं पुरत नाही, नटच्या पूर्ण घेराएवढी सपाट जागा मागे हवी. एखादी पट्टी आडवी येत असेल तर ती आधीच साइड कटरने कापून कानशीने सपाट करा, नाहीतर होल सॉ (गोल भोक पाडायची, ड्रिलला लावायची वाटीसारखी करवत) त्या पट्टीवर एका बाजूने आदळून उडी मारेल. क्लिपच्या खुंटाला लागून मात्र कापू नका. पॅनलच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत निदान ८ ते १० मिमी माल राहू द्या, आणि दोन भोकांच्या मधेही तेवढाच.

मागे खोली किती आहे हे मोजपट्टीने नीट कळत नाही. मी मुलांच्या खेळण्यातली मऊ क्ले वापरते. सॉकेटच्या लांबीएवढा उंच क्लेचा खांब भोकाच्या जागी मागून चिकटवायचा, पॅनल परत जागेवर दाबून बसवायचा आणि हळूच काढायचा. क्ले दबली नसेल तर जागा आहे. दबली असेल तर किती दबली आणि कोणत्या बाजूने, तेही तिच्यावर उमटलेलं असतं. वायरींना वळायलाही जागा लागते, ती या उंचीत धरा.

मापाचं आता. सॉकेटच्या पाकिटावर काय लिहिलंय त्याकडे दुर्लक्ष करा आणि वर्निअरने त्याचं अंग स्वतः मोजा, आट्यांवरून, दोनतीन ठिकाणी. समजा ते २८.५ मिमी भरलं, तर भोक २८.८ ते २९ चं ठेवा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त सैल नको, नाहीतर सॉकेट एका बाजूला सरकून बसेल. मग कॉलर मोजा. कॉलर ३६ मिमीची असेल तर प्रत्येक बाजूला भोकाच्या कडेपासून सुमारे साडेतीन मिमी झाकलं जातंय. कडेला एखादा छोटा टवका उडाला तरी तो कॉलरखाली जाईल. स्विचचं तसं नसतं. आत दाबून क्लिपवर बसणाऱ्या रॉकर स्विचची पट्टी बऱ्याचदा दोन्हीकडे जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर झाकते. म्हणून दोन्हींत गोल भोक अवघड वाटलं तरी खरी काळजी आयताची घ्यायची. अशा स्विचच्या क्लिपा ठरावीक जाडीच्या पत्र्यावरच नीट अडकतात, तेव्हा पॅनलची जाडीही मोजा. ट्रिम बहुतेक २ ते ३ मिमी असते. जाड निघाली तर मागून भोकाभोवतीचा माल थोडा उतरवावा लागेल.

मास्किंग टेपचे दोन थर लावून त्यावर बारीक टोकाच्या पेनाने आखणी करा. मध्यबिंदूवर सेंटर पंच ठेवून हातोडी मारू नका. एबीएसवर घाव बसला की तिथे पांढरा डाग उठतो, कारण आतला माल ताणला गेलेला असतो, आणि पुढे तडा जायला तेवढं निमित्त पुरतं. टोच्या ठेवून हाताने दाबून फिरवा, खड्डा पडतो.

गोल भोकासाठी दोन हत्यारं योग्य: स्टेप ड्रिल किंवा बारीक दातांची होल सॉ. स्टेप ड्रिल म्हणजे पायऱ्या असलेली शंकूच्या आकाराची बिट. दोन-तीन मिमीच्या पॅनलमध्ये ती सुंदर चालते, कारण प्रत्येक पायरी आधीच्या भोकाच्या आधाराने थोडं थोडंच कापते. बहुतेक बिटांच्या पायऱ्या दोन-दोन मिमीने वाढतात. तुम्हाला २९ हवं असेल तर २८ च्या पायरीवर थांबा आणि उरलेलं कानशीने काढा. थांबायच्या पायरीच्या वर रंगीत टेप गुंडाळून ठेवा, कारण चालू बिटवरचे कोरलेले आकडे वाचता येत नाहीत आणि एक पायरी जास्त जायला क्षण पुरतो.

होल सॉ घेत असाल तर हे लक्षात असू द्या: २९ मिमी म्हणून मिळणाऱ्या कित्येक होल सॉ मुळात सव्वा इंचाहून लहान, एक आणि एक अष्टमांश इंचाच्या असतात, म्हणजे २८.६ मिमी. पण चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या ड्रिलच्या जबड्यात, त्या थोड्या डुलतात आणि भोक स्वतःच्या मापापेक्षा मोठं पाडतात. किती मोठं, ते तुमच्या ड्रिलवर ठरेल. तो जुना तुटका पॅनल फेकू नका, पहिलं भोक त्यावरच पाडा आणि मोजा.

वेग का महत्त्वाचा, ते आकड्यांत बघा. ३ मिमीची बिट मिनिटाला १५०० फेरे फिरली तर तिची धार मिनिटाला सुमारे १४ मीटर घासली जाते. २९ मिमीची होल सॉ एका फेरीतच ९१ मिमी चालते. त्याच १५०० फेऱ्यांना ती मिनिटाला सुमारे १३७ मीटर घासते. जवळजवळ दहापट. ड्रिलचा आवाज तोच, बटण तेवढंच दाबलेलं, पण कडेला उष्णता कितीतरी जास्त. म्हणून होल सॉ ३०० फेऱ्यांच्या आसपास चालवा. ड्रिलला दोन गिअर असतील तर ताकदीचा, म्हणजे हळू फिरणारा गिअर लावा आणि बटण अर्धवटच दाबा.

मागे आधार द्यायलाच हवा. सरळ प्लायचा तुकडा मागे लावून चालत नाही, कारण उभ्या पट्ट्यांमुळे तो पॅनलला टेकतच नाही. पट्ट्यांच्या मधे मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापा आणि डबल टेपने पॅनलच्या पाठीला नेमका भोकामागे चिकटवा. मग पॅनल मऊ कापडावर ठेवून क्लॅम्पने हलकं धरा. क्लॅम्प जास्त आवळला तर वाकलेल्या अवस्थेत भोक पडेल आणि सोडल्यावर ते लंबगोल होईल.

आता प्रत्यक्ष कापणं. आधी ३ मिमीचं भोक, मग ते वाढवून होल सॉच्या मधल्या बिटच्या मापाचं. या छोट्या बिटची धार ओढू नये म्हणून मी तिच्या दोन्ही कापणाऱ्या कडा बारीक दगडावर जेमतेम एक-दोनदा घासून सपाट करून ठेवते. बिट मग माल खणत नाही, खरवडते. अशा बिटा वेगळ्या डबीत ठेवा, लोखंडाला त्या हळू चालतात. त्यानंतर होल सॉ लावा आणि ड्रिल उलट्या दिशेने फिरवून सुरुवात करा. उलटे दात चावत नाहीत, फक्त घासतात, आणि टेपमधून, रंगाच्या थरातून जात पॅनलवर एक स्वच्छ गोल खोबण आखतात. ती अर्धा मिलिमीटर खोल झाली की ड्रिल सुलट करा. आता दातांना चालायला वाट आहे, ते निसटणार नाहीत. रंगवलेल्या बंपरला सेन्सरची भोकं पाडतानाही हीच सुरुवात करतात, तिथे रंगाचे पापुद्रे उडू नयेत म्हणून.

दोन-तीन सेकंद कापायचं, उचलायचं, दात ब्रशने झाडायचे, पुन्हा टेकवायचं. वजन टाकायचं नाही, ड्रिलचं स्वतःचं वजन पुरतं. लक्ष कीसाकडे ठेवा. काम नीट चाललं असेल तर कीस कोरडा, सुटा, फुंकर मारली की उडणारा असतो. उष्णता वाढू लागली की तोच कीस लांब दोऱ्यांसारखा निघतो आणि दातांना गुंडाळतो. आवाज खरखरीत होता तो दबका होतो. आणि कडेला बोट फिरवलं तर बारीक ओठ उठलेला लागतो. या तिन्हींपैकी एक जरी जाणवलं तरी थांबा आणि पॅनल गार होऊ द्या. गरम दातांनी पुढे रेटलं तर वितळलेलं प्लॅस्टिक दातांतच थिजतं आणि त्यानंतर होल सॉ कापतच नाही, फक्त घासते. बॅटरीवरचा ड्रिल असेल तर कापावर ओल्या ब्रशने पाण्याचा थेंब द्यायला हरकत नाही. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या ड्रिलजवळ पाणी नको. तेलही नको.

साधारण अर्धी जाडी कापून झाली की ठोकळा काढा, पॅनल उलटा आणि मधल्या भोकाचाच आधार घेऊन मागून उरलेलं कापा. दोन्ही काप प्लॅस्टिकच्या पोटात भेटतात, त्यामुळे टवका उडायला बाहेरची कडच उरत नाही. तुमचा दुसरा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. कापलेली चकती जपून ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल.

या सगळ्यात गॉगल लावा. हातमोजे मात्र ड्रिल चालवताना नकोत, फिरणारी बिट ते गुंडाळून घेते. ब्लेड आणि कानशीच्या वेळी खुशाल घाला.

आयताकृती भोकासाठी ड्रिलचं काम फक्त चार कोपऱ्यांपुरतं. प्रत्येक कोपऱ्यात, रेषेच्या आत, ३ मिमीचं भोक पाडा. हे सोयीसाठी असतं, करवत आत घालता यावी म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं कारण दुसरं आहे. गाडी उन्हात तापते, रात्री गार होते, रस्त्यावर थरथरते, आणि हा सगळा ताण टोकदार कोपऱ्यात एकवटतो. गोलसर कोपऱ्यात तो पसरतो. शेवटीसुद्धा कोपरे अगदी काटकोनी करू नका. स्विचच्या पट्टीखाली झाकलं जात असेल तर अर्ध्या ते एक मिलिमीटरची गोलाई राहू द्या.

मग स्टीलची पट्टी धरून चारही रेषांवर नव्या ब्लेडने काप घ्या. एकदम खोल नको, हलक्या हाताने पाच-सहा वेळा. पहिल्या वेळी ब्लेड टेप आणि वरचा थर कापतं, नंतर ते स्वतःच्याच खाचेतून चालतं. ही खाच म्हणजे तुमची अंतिम कड. करवत आणि कानस यांनी पुढे काहीही केलं तरी उचकटणं या खाचेपाशी थांबतं. आतला माल फ्रेटसॉने (बारीक पात्याच्या हातकरवतीने) काढा, रेषेपासून एक मिलिमीटर आत राहून. फ्रेटसॉ नसेल तर हॅकसॉचं नुसतं पातं एका टोकाला जाड टेप गुंडाळून हातात धरलं तरी चालतं. वेळ लागतो, पण कड तापत नाही. छोटं रोटरी मशीन आणि त्याची कापायची चकती मी इथे वापरत नाही. हजारो फेऱ्यांवर ती प्लॅस्टिक कापण्याआधी वितळवते, आणि कोपऱ्यात गोल चकती रेषेच्या बाहेर गेल्याशिवाय राहत नाही.

उरलेला एक मिलिमीटर सपाट कानशीने. कानस दिसणाऱ्या बाजूकडून मागच्या बाजूकडे ढकला आणि परत येताना उचला. मागेपुढे घासलंत तर परतीच्या वेळी पुढची कड उचलली जाते आणि तिथे बर (कडेला चिकटून राहणारा खरखरीत पापुद्रा) उठते. एकाच दिशेने चालवली की सगळी बर मागे जाते, जिथे ती कुणाला दिसत नाही. खाचेच्या जवळ आलात की दर दहा-बारा हातांनी स्विच लावून बघा, पण फक्त क्लिपा टेकेपर्यंत. एकदा क्लिपा आत गेल्या की स्विच बाहेर काढताना कडेचे लचके निघतात.

गोल भोकाचं शेवटचं काम अर्धगोल कानशीच्या गोल बाजूने, तसंच एका दिशेने, आणि कानस भोकाच्या कडेने वळवत न्या. एकाच जागी घासत राहिलात तर तिथे खड्डा पडतो. शेवटी लाकडाच्या गोल दांडीला २४० चा आणि मग ४०० चा पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा. पॅनल पीपीचा असेल तर कानशीच्या जागी ब्लेड उभं धरून कड खरवडत न्या, लव निघून जाते. ब्लेड नवंच हवं, बोथट ब्लेड लव दाबून पाडतं आणि ती दुसऱ्या दिवशी परत उभी राहते.

पॅनलवर फोम आणि मऊ कातडी आवरण असेल तर हे सगळं करण्याआधी आवरण वेगळं कापावं लागतं. ब्लेडने ते भोकाच्या मापाचं गोल कापून काढा आणि फोमही खालच्या कडक थरापर्यंत काढा. नाहीतर बिट ते गुंडाळून घेते आणि क्षणात कितीतरी लांबपर्यंत सोलून ठेवते.

टेप हळूहळू, भोकाच्या दिशेने ओढत काढा. टेपचा चिकटपणा राहिला तर साबणाच्या पाण्याने पुसा. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन यांतलं काहीही पॅनलच्या दिसणाऱ्या बाजूजवळ आणू नका. कापलेली कड करडी किंवा पांढरट दिसत असेल आणि कॉलरबाहेर डोकावत असेल, तर काळा परमनंट मार्कर फिरवा.

एवढं करूनही कॉलरच्या बाहेर जाणारा टवका उडाला तर ती जपून ठेवलेली चकती कामाला येते. पॅनल एबीएसचा असेल तर चकतीचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवा. त्याची दाट लापशी होते, रंग अगदी पॅनलचाच. टवक्यात काडीने भरा, एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या, वाळताना ती बसते म्हणून किंचित उंच भरा, आणि मग घासून सपाट करा. अ‍ॅसिटोन पेट घेतं, तेव्हा हे काम खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब. दाणेदार पॅनलवर भरलेली जागा बारकाईने पाहिलं तर ओळखू येईल, पण ताजा टवका जितका डोळ्यांत भरतो तितकी नाही. पीपीवर अ‍ॅसिटोनचा असा उपयोग होत नाही. तिथे मोठ्या कॉलरचं सॉकेट घेणं हाच सरळ मार्ग.

कामाचा क्रम तुमच्यासाठी असा ठेवा: आधी तुटक्या पॅनलवर दोन्ही भोकं पूर्ण करून सॉकेट आणि स्विच बसवून बघा. मग खऱ्या पॅनलवर आयत आधी आणि गोल भोक नंतर. आयताला ब्लेड आणि कानशीचा बराच वेळ दाब पडतो, तेव्हा शेजारी माल भरलेला असलेला बरा. गोल भोक आधी पाडलं तर मधली अरुंद पट्टी तो सगळा दाब सोसत राहते.

बसवताना नट हातानेच आवळा, पाना लावू नका. आवळलेल्या नटचा ताण प्लॅस्टिकवर कायम राहतो आणि काही महिन्यांनी बारीक तडे दिसू लागतात. नट सैल होईल अशी भीती वाटत असेल तर मागे रबरी वॉशर घाला. नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं लॉकिंग द्रव मात्र इथे नको: धातूवर ते उत्तम, पण एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला ते लागलं की ताण असलेल्या जागी तडे जातात, आणि नटखालची जागा तर ताणलेलीच असते. वायरी जिथे भोकाच्या किंवा कापलेल्या पट्टीच्या कडेला टेकतात तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं कडं) किंवा कापडी टेपचे दोन वेढे द्या, सॉकेटच्या पॉझिटिव्ह वायरीत सॉकेटबरोबर सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज घाला, आणि पॅनल पूर्ण दाबून बसवण्याआधी बॅटरी जोडून दोन्ही चालतात का ते बघून घ्या.